त्याच तिकिटावर पुढची गाडी

"कशाबद्दल?"

सांगलीत खोली भाड्याने घेतली त्या दिवशी मी घरमालकांपुढे पैसे धरले, तर त्यांनी हात मागे घेतला आणि हे विचारलं. मला वाटलं, ऐकायला कमी येत असेल. मी मोठ्याने म्हणाले, "भाड्याचे, काका. आणि डिपॉझिटचे."

"वरडू नका. भाड्याचे येगळे द्या, डिपाझिटाचे येगळे द्या. आन् भाडं कुटनं कुटवर?"

"म्हणजे?"

"म्हंजे कवापासनं कवापत्तर? गाडीत बसल्यावर नुसतं 'एक तिकीट द्या' म्हणून भागतं का? कुटं चढला, कुटं उतरणार, सांगाय लागतं का न्हाई?"

मी महिन्याची पहिली तारीख आणि शेवटची तारीख सांगितली. त्यांनी चष्मा लावला, कार्बन घातलेल्या पुस्तकात सगळं लिहिलं, दोन पावत्या फाडून माझ्या हातात दिल्या आणि मगच पैसे खिळ्यावर टांगलेल्या चामडी पिशवीत टाकले. ती पिशवी एसटीची होती. तिचा पट्टा खांद्यावर घासून घासून काळा पडला होता आणि नोकरी संपून दहा वर्षं होऊन गेली तरी घरातला पैसा तिच्यातूनच ये-जा करत होता.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. साताऱ्याहून माझी सांगलीला बदली झाली होती. याद्या करणं, कागद जागच्या जागी ठेवणं, आजचं काम आज संपवणं यावर माझा संसार आणि नोकरी दोन्ही चालतात. त्यामुळे पावती देणारा घरमालक मिळाल्याचा मला आनंदच झाला. हा माणूस पुढे मला किती चिडायला लावणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

काका मूळचे कोरेगावकडचे. सातारा-सांगली गाडीवर आयुष्य काढलेले कंडक्टर. घरातही ते खुर्चीवर क्वचित बसत. दाराच्या चौकटीला एक हात लावून, अर्धे आत अर्धे बाहेर असे उभे राहत, जणू घर चालू लागलं तर उडी मारून आत यायचं आहे. नळाला पाणी आलं की जिन्याच्या लोखंडी कठड्यावर दोनदा टकटक करत. म्हणजे वरची मोटर चालू करा. टाकी भरली की एकदाच टक. पहिल्या आठवड्यात मी दोनदा टाकी वाहून घालवली. त्यांनी जिन्यात उभं राहून विचारलं, "बाई, शिंगल बेल आन् डबल बेल कळत न्हाई, तर सातारला कशा जाता-येता?"

दर शनिवारी मी साताऱ्याला घरी जाई, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या सूचना ऐकाव्या लागत. उजव्या बाजूला बसा, दुपारनंतर डावीकडं ऊन लागतं. कराडला गाडी थांबती पण उतरू नका, डायवर तिथं कुणासाठी थांबत न्हाई. सोमवारी परत आले की विचारत, "कंडक्टर तरणा होता का? तिकीट मागायच्या आधी देत हुता, का मागाय लागलं?"

गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळालाही ते विचारत, "कशाबद्दल?" पहिल्या वर्षी कार्यकर्ते हसले. दुसऱ्या वर्षापासून पावतीवर 'मांडवाबद्दल' असं लिहूनच आणू लागले. काका तेवढ्यावर खूश. मांडवाबद्दल दिलेल्या पैशाचा मांडवच झाला का, हे पाहायला मात्र जाऊन बांबू मोजून येत.

गल्ली त्यांना हसायची. मीही हसले. पण एका गोष्टीला हसणं मी लवकरच बंद केलं.

काकू म्हणजे त्यांची बायको. जतच्या पलीकडच्या, कानडी मुलखातल्या. लग्नानंतर मराठी शिकल्या आणि शेजारणी सांगत त्याप्रमाणे काकांपेक्षा चांगलं बोलत. मी राहायला येण्याच्या आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि त्याबरोबर मराठी गेली. जीभ जड झाली तरी बोलत होत्या, पण बोलत होत्या ती लहानपणची कानडी. मराठीचा एक शब्द डोक्यात उरला नव्हता. कानावर पडलेलंही समजत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी. आधी शिकलेलं राहतं, नंतरचं पुसलं जातं.

आणि काकांना कानडी येत नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात गरजच पडली नव्हती. त्यांची सगळी कानडी तीन शब्दप्रयोगांची, जत बाजूच्या गाडीवर काढलेल्या दोन वर्षांतली. 'येल्लिगे?' म्हणजे कुठं जायचं. 'मुंद बर्री' म्हणजे पुढं या. 'इळीरी' म्हणजे उतरा. एवढ्या भांडवलावर ते अंथरुणाला खिळलेल्या बायकोशी बोलत होते. मुलगा फौजेत, दूर राजस्थानात. त्यालाही कानडी येत नव्हती. काकूंच्या माहेरी एक भाऊ उरला होता, तो ठार बहिरा.

सांगलीत कानडी येणारी माणसं शोधली तर चार घरांत एक सापडतं. काकांनी शोधलं नाही. "माझ्या बायकूचं बोलणं दुसऱ्यानं मला सांगायचं व्हय?" एवढंच म्हणाले. त्याऐवजी त्यांनी टीव्हीवर एक कानडी मालिका लावली.

रोज संध्याकाळी साडेसहाला काकूंच्या खाटेशेजारी स्टूल टाकून ते मालिका बघत. मांडीवर शंभर पानी वही. मालिकेत कुणी काही मागितलं आणि पाण्याचा तांब्या आला, की ते तो शब्द मराठी अक्षरांत लिहून घेत. मालिका संपली की तो शब्द काकूंवर चालवून बघत. बरोबर असला तर काकू मान हलवत. चुकला तर डाव्या हाताने खाटेवर फटका मारत. नीरु, पाणी. ऊटा, जेवण. एकदा मालिकेतल्या सासूला दवाखान्यात घातलं, तेव्हा त्यांना 'नोवु' सापडला. नोवु, दुखतंय. वही तशीच टाकून ते जिना चढून माझ्याकडे आले. डोळे लाल झालेले.

"बाई, चार म्हैने ही मला म्हणतीया, नोवु, नोवु. आन् मी तिला पानी पाजतोय."

त्या दिवसापासून मी त्या वहीला हसले नाही.

आता मुद्द्यावर येते.

एका सोमवारी मी साताऱ्याहून परतले तर खाली टीव्हीच्या पडद्यावर निळी पट्टी आणि तिच्यावर अक्षरं. तुमचा सेट-टॉप बॉक्स जुना झाला आहे. हे चॅनल पाहण्यासाठी बॉक्स अपग्रेड करा. खाली फोन नंबर. बाकीची चॅनलं दिसत होती. क्रिकेट दिसत होतं, तेल-साबण विकणाऱ्या बायका दिसत होत्या. कानडी तेवढी गेली होती.

बॉक्स बिघडला नव्हता. काकांनी तो घेतला तेव्हाची पावती प्लास्टिकमध्ये घालून ठेवली होती. तिच्यावर छापलं होतं, बॉक्स ग्राहकाच्या मालकीचा. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले, कानडी चॅनलांसकट. कंपनीने आपल्या सोयीसाठी काहीतरी बदललं होतं आणि त्या बदलाचे पैसे काकांकडून मागत होती. बस, एवढंच आहे. याच्यापेक्षा गुंतागुंतीचं यात काही नाही. पण हे एवढं कबूल करणारा एक माणूस मला त्या कंपनीत भेटला नाही.

फोन मी लावले, कारण काकांना बटणं दाबत बसायचा कंटाळा. मराठीसाठी दोन दाबा. तक्रारीसाठी चार दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं म्हणून पाऊण तास बासरी ऐकवायची. मी तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक लिहीत गेले. पहिल्या बाईने एक आकडा सांगितला. दुसऱ्या बाईने त्यात माणूस घरी येण्याची फी मिळवली. तिसरीने ती काढली आणि वायर तपासण्याची घातली. चौथा एक पुरुष होता. तो म्हणाला, अपग्रेड मोफत आहे, फक्त त्याचा चार्ज लागतो. मी ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्याने पुन्हा तस्संच म्हटलं, अजिबात न अडखळता.

"काय म्हणतोय?" काकांनी चौकटीतून विचारलं.

"मोफत आहे म्हणतो. पैसे भरा म्हणतो."

"कशाबद्दल, ते इचारा."

मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, अपग्रेडबद्दल."

"अपग्रेड कशाबद्दल?"

"चांगल्या अनुभवाबद्दल, मॅडम."

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ह्ये बघ दादा. मी तीस वर्सं गाडीवर होतो. गाडी फेल झाली, तर पॅशिंजर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसतो. त्याच्याकडनं परत पैसं घेत न्हाईत. गाडी कुनाची फेल झाली? म्हामंडळाची. पॅशिंजरची न्हाई. तुमची गाडी फेल झालीया. मला पुढच्या गाडीत बसवा."

पलीकडून फोन बंद झाला. पाच मिनिटांत मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, किती तारे द्याल?

हे गाडी फेल होण्याचं ते उगाच बोलत नव्हते. उंब्रजजवळ भर उन्हात त्यांची गाडी एकदा बंद पडली होती. भरलेली गाडी. मागून येणारी प्रत्येक एसटी हात करून थांबवायची, दोन-चार माणसं कोंबायची, पुढचीची वाट बघायची. शेवटी एक म्हातारी उरली. त्याच तिकिटावर तिला कुणी घेईना, कारण तिच्याकडे दोन शेळ्या होत्या. काकांनी तिला आणि शेळ्यांना भाजीच्या टेम्पोत बसवलं आणि टेम्पोवाल्याला खिशातले पैसे दिले. वर तिचं तिकीट मागून घेतलं आणि मागच्या बाजूला लिहिलं, उंब्रजपासून पुढं म्हामंडळातर्फे. म्हातारीला वाचता येत नव्हतं. "पर तिच्याकडं कागुद पायजे का नको?" असं ते मला विचारत.

मग डीलरचा माणूस आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, दोन्ही खिशांत एकेक फोन. बॉक्सकडे न बघता म्हणाला, "काका, हा डबा आता भंगारात. नवीन बसवू. पैसे द्या, अर्ध्या तासात चालू."

"देतो की. आत्ता देतो. पावतीवर लिव्हा, कशाबद्दल."

"पावती नसते काका, मेसेज येतो."

"मेसेजात कारण येतं का?"

"काका, एवढ्याशा पैशांसाठी काय घेऊन बसलाय? अख्खी सांगली भरती. कुणी विचारत नाही."

"म्हनून तर तू अख्ख्या सांगलीला लुटतोयस, गड्या."

तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा यांना." मला इतका संताप आला की मी त्याला दारातूनच घालवलं. पण खरं सांगायचं तर तो गेल्यावर मी काकांना तेच सांगितलं, "काका, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण भरून टाका. काकूंची मालिका जाते आहे."

"तुमी सुदीक?" एवढंच म्हणाले आणि चौकट सोडून आत गेले.

मुलाचा फोन आला. बाबा, मी पाठवतो पैसे. त्यालाही विचारलं, कशाबद्दल. त्याने राजस्थानातून डोक्याला हात लावल्याचं मला वर ऐकू आल्यासारखं वाटलं.

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. साडेसहा वाजले की काका स्टूल ओढून बसत, टीव्ही लावत, निळी पट्टी दिसे. काकू डाव्या हाताने टीव्हीकडे बोट करून भराभर बोलत. आवाज चढत जाई. काका मान हलवत, "व्हय, व्हय. सोडत न्हाई मी त्यास्नी. तू काळजी करू नगंस." काकू खाटेवर फटका मारत. काकांना वाटे, बायकोही कंपनीवर पेटली आहे. मलाही तसंच वाटे. मी जिन्यातून बघायचे आणि मनात म्हणायचे, वा, काय जोडी आहे.

मग काकू बोलायच्या थांबल्या. खाटेवर फटकाही नाही. साडेसहाला तोंड भिंतीकडे करून पडून राहत. वहीत नवीन शब्द नव्हता. काका जुनेच शब्द घेऊन बसत, नीरु? ऊटा? नोवु? काकू चादर तोंडावर ओढून घेत.

तेव्हा मी ते केलं, जे कुठल्याही व्यवहारी बाईने केलं असतं. शाळेत जेवणाच्या सुट्टीत फोनवरून पैसे भरून टाकले. दोन मिनिटं लागली. रक्कम चौथीच निघाली, कुणीही न सांगितलेली. दुसऱ्या दिवशी तो पोटवाला माणूस नवा बॉक्स घेऊन हजर.

काका म्हणाले, "मी पैसं भरलं न्हाईत."

"भरलेत की. हे बघा, पेड."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या माणसाच्या हातातला बॉक्स खोक्यात परत ठेवला, खोक्याची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून नीट बसवली आणि ते त्याच्या काखेत दिलं. "न्हे परत. ज्यांनी भरलं, त्यांच्या घरात बसीव."

काकू खाटेवरून हे सगळं बघत होत्या. तो डबा दारातून आत आला तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी उठायला धडपडल्या होत्या. तो बाहेर गेला तेव्हा परत भिंतीकडे वळल्या. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही, कारण मी काकांशी भांडत होते.

"काका, हा काय तमाशा आहे? माझे पैसे, माझी इच्छा!"

"बाई, माझ्या गाडीत कुनी इनातिकीट सापडलं, तर मी त्याला खाली उतरवायचो. शेजारचा म्हनायचा, त्याचं मी देतो. मी म्हनायचो, तुझं तू ठिव, त्यानं काढाय पायजे हुतं. आन् तुमी मला इनातिकीट केलं. माझ्याच घरात."

"आणि काकूंचं काय?"

"तिच्यासाठीच चाललंय ह्ये!" ते ओरडले. मला त्यांनी आवाज चढवलेला तेवढा एकदाच आठवतो.

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्या महिन्याचं भाडं कठड्यावर ठेवून गेले आणि संध्याकाळी पावती माझ्या दाराखालून आत सरकवलेली होती, पहिली तारीख ते शेवटची तारीख. परत केलेल्या बॉक्सचे माझे पैसे कंपनीने अजून दिलेले नाहीत. त्याबद्दलचे तक्रार क्रमांक वेगळ्या पानावर आहेत.

बोलणं सुरू झालं ते त्यांनीच केलं. एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती. काका वर आले, चौकटीत उभे राहिले.

"बाई, हात लावू लागता का? हिला जतला न्यायची हाय."

"का? भाऊ आजारी आहे?"

"न्हाई. जतला जायाचं आन् त्याच गाडीनं परत. मिरज सोडली, म्हनजे गाडीत कानडी सुरू हुती. टीव्ही न्हाई तर न्हाई. कानावर तर पडंल."

निवृत्तांचा पास होता, नवरा-बायको दोघांचा. मला ती कल्पना वेडगळ वाटली आणि मी तसं तोंडावर सांगितलं. अर्धं अंग लुळं पडलेल्या बाईला एसटीतून कशाला हिंदकळवायचं? पण स्टँडवर पोचलो तेव्हा डेपोतली तीन-चार माणसं वाट बघत उभी होती. त्यांनी काकूंना अलगद उचलून पुढच्या सीटवर बसवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. काका शेजारी. मी मागच्या सीटवर, पिशवीत औषधं, पाणी, जास्तीचं लुगडं आणि एक सुती चादर घेऊन. वहीही होती. काकांच्या मांडीवर.

मिरजेला गर्दी चढली. कवठेमहांकाळला एक बाई टोपली घेऊन काकूंच्या समोरच उभी राहिली. काकांनी सवयीने म्हटलं, "मुंद बर्री." बाई हसली आणि कानडीत काहीतरी बोलली. काकांना कळलं नाही. पण काकूंनी मान वर केली.

आणि त्या बोलू लागल्या. जड जिभेने, थुंकी उडत होती, पण थांबेनात. एका श्वासात इतकं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. डावा हात काकांकडे, मग वर, मग परत काकांकडे. बाई आधी हसत होती. मग हसायची थांबली. काका वही उघडून पेन्सिल धरून बसले होते, तोंडभर हसू. "बोल बोल," म्हणत होते. "बगा बाई, कशी सुटलीया!"

"काय म्हणतात त्या?" मी टोपलीवालीला विचारलं.

बाई काकांकडे बघून चाचरली. "ह्ये मालक का त्यांचे?"

"व्हय, मीच. सांगा की. कंपनीला शिव्या देत आसंल."

"कंपनीबिंपनी न्हाई काय म्हणत त्या. तुमालाच बोलत्यात. म्हणत्यात, ह्यानं माझा टीव्ही बंद केला. सतरांदा सांगितलं, चालू कर, मला करमत न्हाई, तर नुसती मान हलिवतोय. आन् नवा डबा घरात आला, त्यो बी ह्यानंच परत पाठिवला. म्हणत्यात, कसला सूड उगवतोय माझ्यावर? मी काय केलंया?"

काकांची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली राहिली. मी मागे बसून माझ्या पिशवीचा बंद सोडत आणि बांधत होते. माझ्याकडे त्या प्रकरणाची पूर्ण फाइल होती. कुणाला विचारलं, कधी विचारलं, काय उत्तर मिळालं. कंपनी, डीलर, मुलगा. खाटेवरच्या बाईला विचारल्याची नोंद त्यात कुठेच नव्हती.

काकांनी बाईला विचारलं, "तिला म्हनावं... तिला सांगा, की मी..." आणि त्यांनी वही मिटली. शेवटी म्हणाले, "तिला सांगा, उद्या चालू हुईल."

बाईने सांगितलं. काकूंनी तिच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि डाव्या हाताने काकांच्या गुडघ्यावर एक फटका मारला. मग टोपलीत काय आहे, ते बाईला विचारू लागल्या.

काका उठले. दाराशी जाऊन उभे राहिले, दांडीला हात लावून. जतपर्यंत आणि जतहून सांगलीपर्यंत ते बसले नाहीत. दोघा-तिघांनी जागा दिली. घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला डीलरचं दुकान उघडलं तेव्हा आम्ही पायरीवर होतो. मी शाळेत उशिरा येईन असं कळवून आले होते. पोटवाला गल्ल्यावर होता, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. काकांनी चामडी पिशवीतून पैसे काढले, पण हातात धरून ठेवले.

"पावती न्हाई म्हनला होतास. मी लिवून आनलीया. सई कर."

पावतीपुस्तकाचंच पान होतं, गोल अक्षरात लिहिलेलं. मी वाकून वाचलं. 'माझा बॉक्स चालू असताना, माझी मागणी नसताना, माझ्या आजारी बायकोला कळते ती एकच भाषा अडवून धरली व ती सोडण्याबद्दल पैसे घेतले. कुठून : सांगली. कुठवर : माहीत नाही.'

"कशाला हे आता, काका," तो फोनवर हात ठेवून म्हणाला.

"वाच की."

"वाचायला कुणाला वेळ आहे?" त्याने सही केली. वर दुकानाचा शिक्का मारला आणि फोनवर परत बोलू लागला, "हां, अपग्रेड करून घ्या म्हणावं, सगळेच करतात."

काकांनी पान फाडून घेतलं, मगच पैसे सोडले. त्याची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. मी अजून ती कुणाकुणाला दाखवते. लोक हसतात. म्हणतात, बरा सापडला. मला कळत नाही यात सापडलं कोण. त्या माणसाचं काय वाकडं झालं? कंपनीचं काय झालं? कागदावर खरं लिहून, सही-शिक्का घेऊनसुद्धा पैसे त्यांच्याच गल्ल्यात गेले. ज्याचं म्हणणं बरोबर होतं त्या माणसाने पायरीवर थांबून ते स्वतः नेऊन दिले, कारण त्याच्या घरात एक आजारी बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. असं प्रत्येक घरात कुणी ना कुणी असतं, आणि कंपन्यांना ते माहीत असतं.

त्या संध्याकाळी साडेसहाला खालून मालिकेचं गाणं ऐकू आलं. मी जिना उतरले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, डोळे पडद्यावर. स्टूल जागेवर होतं, त्यावर वही होती. काका नव्हते. ते बाहेरच्या पायरीवर, टीव्हीकडे पाठ करून बसलेले.

"काका, शिकायला बसत नाही?"

"बसतो. आदी राग उतरू दे जरा."

"कुणावरचा?"

ते पायरीवरच्या मुंग्या बघत बसले. म्हणाले, "उंब्रजला त्या म्हातारीनं परत तिकीट काढलं आसतं, बाई. तयार हुती ती. मीच काढू दिलं न्हाई."

आतून खाटेवर फटका बसला. मग काकूंचा जड आवाज आला, पण शब्द स्वच्छ होते. नवऱ्याला गाडीवरचे कुठले तीन कानडी शब्दप्रयोग हमखास कळतात, हे त्या ओळखून होत्या. त्यातलाच एक त्यांनी वापरला.

"मुंद बर्री!"

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "आलो की. वरडू नगंस," म्हणाले, आत गेले, वही उचलली आणि स्टुलावर बसले. मी वर निघून आले.

त्यांचा राग उतरला की नाही, मला माहीत नाही. माझा उतरलेला नाही.